गाडी बदलण्याची जागा

पुण्यातील शिवाजीनगर भागात, जिल्हा न्यायालयाच्या आवारालगत, एक असे स्थानक उभे आहे की ज्याचा एक फलाट भूगर्भात आहे आणि दुसरा रस्त्याच्या माथ्यावरून गेलेल्या पुलावर. खालून पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटकडे जाणारी मेट्रो धावते, वरून वनाजहून रामवाडीकडे जाणारी; आणि शहराच्या या दोन वाटा परस्परांना ज्या ठिकाणी छेदतात ते हेच असल्यामुळे, पिंपरीकडून येऊन पुणे रेल्वे स्थानक गाठू पाहणाऱ्या किंवा कोथरूडकडून येऊन मंडईत उतरू पाहणाऱ्या उतारूस येथे गाडी बदलावीच लागते. १ ऑगस्ट २०२३ रोजी हे स्थानक लोकांस खुले झाले. त्या वेळी भुयारी गाडी येथेच थांबत असे, आणि पुढे मुठा नदीच्या पात्राखालून कसबा पेठ, मंडई व स्वारगेट येथवरचा मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला.

या स्थानकाचा सर्वांत खोल भाग ३३.१ मीटरांवर आहे, आणि देशातील अत्यंत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. इतक्या खोलवर उतरणाऱ्या माणसाच्या मनात, विशेषतः तो उघड्या रानाचा आणि काळ्या मातीच्या सपाट मुलखाचा रहिवासी असेल तर, जी एक अव्यक्त धास्ती असते तिची दखल बांधणाऱ्यांनी घेतलेली दिसते. कारण छताची रचनाच अशी केली आहे की दिवसाचा सूर्यप्रकाश थेट फलाटापर्यंत पोहोचावा. सरकत्या जिन्यावरून खाली जाताना तो उजेड माथ्यावर राहतो, दिशा सुटत नाही, आणि वर येणाऱ्यास बाहेरचे जग कोणत्या बाजूस आहे हे कोणाला न विचारता कळते. स्थापत्यातील ही गोष्ट मला शोभेपेक्षा सौजन्याची वाटते, आणि सार्वजनिक इमारतीत सौजन्य दगडा-काँक्रीटातून व्यक्त करता येते याचा तो एक चांगला दाखला आहे.

एका फलाटावरून दुसऱ्यावर जाण्यास नवे तिकीट घ्यावे लागत नाही. दोन्ही मार्ग महामेट्रोचे, म्हणजे एकाच संस्थेचे. नागपुरात सीताबर्डीला दोन मार्ग एकमेकांवरून जातात तेथेही हीच संस्था आहे आणि तेथेही बदल असाच सुखाचा आहे. अशा स्थानकात काही वेळ थांबून माणसांची ये-जा पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते की, उतारू चालण्यास त्रासत नाही, जिने चढण्यासही फारसा त्रासत नाही; तो त्रासतो तो जेथे एका खात्याची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते तेथे. पाटी तेथे अकस्मात संपते, घड्याळ निराळे लागते, खिडकी निराळी, रांग निराळी, आणि चौकशी केली असता ‘ते आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळते. या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते या हद्दीविषयीच.

ज्या गावात राहून मी हे लिहीत आहे त्या जळगाव जामोदच्या लोकांना या विषयाची दीक्षा फार लहानपणी मिळते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्याच्या गावी आगगाडी नाही. मुंबई, नागपूर, कोठेही लोहमार्गाने जावयाचे तर आधी एस. टी. ने येरळीजवळ पूर्णा ओलांडून, २५-३० किलोमीटर दक्षिणेस नांदुऱ्याला जावयाचे आणि तेथे भुसावळ-नागपूर मार्गावरची गाडी धरावयाची. म्हणजे आमच्याकडचा आगगाडीचा कोणताही प्रवास बदलाखेरीज होत नाही. वराती, आजारी माणसे, परीक्षेला निघालेली मुले, सर्वांना मध्ये एकदा सामान उतरवून पुन्हा चढवावे लागते. यात दुःख मानण्याजोगे काही नाही. परंतु बसचे वेळापत्रक एका खात्याचे, गाडीचे दुसऱ्या खात्याचे, आणि गाडीस उशीर झाला तर बस थांबवावी किंवा बसला उशीर झाला तर पुढची सोय सांगावी असा कोणावरच भार नाही, अशी ही स्थिती असल्यामुळे दोहोंच्या मधला काळ उतारूच्या एकट्याच्या जबाबदारीवर पडतो. आणि रात्रीच्या गाडीने उतरणारी म्हातारी माणसे पहाटेच्या पहिल्या बसची वाट पाहत फलाटावरच बसून राहतात हे दृश्य आमच्या बाजूस कोणाला नवे नाही.

बुलढाणा जिल्ह्याला गाडी बदलण्याचे एक जुने स्थानक आहे, आणि त्याचा इतिहास या संदर्भात मुद्दाम सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांस तेथला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाकडे साऱ्या व्यापाराचे लक्ष वळले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा भुसावळवरून वऱ्हाडात शिरून १८६७ साली नागपुरास पोहोचला. पण कापसाची मोठी बाजारपेठ जे खामगाव, ते मुख्य मार्गापासून सुमारे आठ मैल बाजूस राहिले. तेव्हा जलंब येथून खामगावपर्यंत सरकारी खर्चाने एक आखूड शाखा घालण्यात आली आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की शाखा सरकारच्या मालकीची आणि मुख्य मार्ग कंपनीचा असला, तरी दोन्हींवरची वाहतूक कंपनीकडेच सोपविलेली होती आणि रुळांचे मापही एकच होते; त्यामुळे खामगावात भरलेली वाघीण, तिच्यातील गठ्ठे न हलविता, थेट मुंबईच्या बंदराकडे रवाना करता येई. मालक दोन असूनही हद्द जाणवू नये ही तजवीज दीडशे वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यात झालेली होती. ती माणसांच्या सोयीसाठी नव्हे, कापसासाठी झाली, हे मात्र विसरता येत नाही.

याच्या उलट उदाहरण पूर्वेस अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरला सापडते. तेथून एक अरुंदमापी लोहमार्ग अचलपूरकडे आणि दुसरा यवतमाळकडे जाई. लोक त्याला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने स्थापिलेल्या कंपनीची ती मालमत्ता, आणि देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतरही तिची मालकी कंपनीकडेच राहिली. रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, आणि मुख्य मार्गाचे १,६७६. तेव्हा मूर्तिजापुरात आलेला प्रत्येक गठ्ठा हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसरीत जावा लागे. माणूस निदान आपल्या पायांनी फलाट ओलांडतो. मालाला तेही साधत नाही. एकदा घातलेले माप पुढे शंभर वर्षे माणसांना वाकवीत राहते.

जपानच्या राजधानीकडे आता वळावेसे वाटते, कारण भुयारी रेल्वे आणि तिच्यातील बदल यांविषयी जे काही चुकता येते आणि जे काही सुधारता येते ते सर्व तोक्योने करून पाहिले आहे. आशियातील पहिली भुयारी रेल्वे ३० डिसेंबर १९२७ रोजी तेथे उएनो ते असाकुसा अशी सुरू झाली. लांबी अवघी २.२ किलोमीटर. तिचा जनक नोरित्सुगु हायाकावा हा गृहस्थ लंडनची भुयारी गाडी पाहून आला होता, आणि आपल्या शहरातही असा मार्ग चालेल हे धनकोंना पटवून देण्यासाठी तो रस्त्याच्या कडेला उभा राहून, खिशातले घेवड्याचे दाणे एकेक करून दुसऱ्या खिशात टाकीत जाणाऱ्या-येणाऱ्यांची मोजदाद करीत असे, अशी हकीकत त्याच्याविषयी सांगितली जाते. त्याचा मार्ग वाढत वाढत शिंबाशीपर्यंत आला. त्याच सुमारास केइता गोतो याच्या प्रतिस्पर्धी कंपनीने पश्चिमेकडून, शिबुयाच्या बाजूने, दुसरा भुयारी मार्ग शिंबाशीपर्यंत आणला, आणि जानेवारी १९३९ मध्ये तिचे निराळे शिंबाशी स्थानक उघडले. दोन कंपन्या, दोन भुयारे, नाव एक. आणि रूळ जोडलेले नसल्यामुळे उतारूने एका फलाटावर उतरून दुसऱ्यावर जावयाचे. दोन्ही मालकांत तंटा होता, आणि त्या तंट्याची किंमत रोज कचेरीला जाणारे हजारो लोक आपल्या पायांनी चुकती करीत होते. आठ महिन्यांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये, थेट गाड्या सुरू झाल्या, आणि गोतोच्या कंपनीचा तो फलाट निरुपयोगी होऊन पडला. तो आजही भुयारात आहे. लोक त्याला भुताटकीचा फलाट म्हणतात. १९४१ साली दोन्ही कंपन्यांचे मार्ग एका सार्वजनिक संस्थेच्या हवाली करण्यात आले आणि आजच्या गिंझा मार्गावरून जाणाऱ्यास तेथे कधी काळी हद्द होती याचा पत्ताही लागत नाही.

तोक्यो एवढ्यावर थांबले नाही. १९५९ साली केइसेइ नावाच्या उपनगरी कंपनीने आपल्या सर्व मार्गांचे रूळ उखडून १,३७२ मिलिमीटरांचे माप १,४३५ केले, एवढ्याच हेतूने की आपल्या गाड्या शहराच्या भुयारी मार्गात शिराव्यात. आणि १९६० पासून उपनगरातून निघालेली गाडी शहराच्या पोटातून थेट जाऊ लागली. उतारू जागेवरच बसून राहतो, दोन संस्थांची हद्द त्याच्या खालून निघून जाते. मूर्तिजापूरच्या गठ्ठ्यांचे चित्र डोळ्यांपुढे असणाऱ्या वऱ्हाडी माणसाला ही वार्ता ऐकून जो आनंद होतो त्यात थोडी हळहळही मिसळलेली असते.

तरीही बदल सर्वस्वी टळत नाहीत. ओतेमाची या स्थानकात पाच भुयारी मार्ग येतात, पैकी चार तोक्यो मेट्रोचे आणि एक नगर सरकारच्या खात्याचा. तेथे २००४ पासून प्रत्येक मार्गाला एक रोमन अक्षर आणि प्रत्येक स्थानकाला क्रमांक दिलेला आहे, म्हणजे जपानी लिपी न वाचता येणाऱ्या परक्या माणसालाही रंग, अक्षर व आकडा या तिघांच्या आधारे वाट सापडते. पण यांहूनही मला मोलाची वाटते ती एक लहानशी गोष्ट. फलाटावरील खांबांवर असा तक्ता लावलेला असतो की अमुक स्थानकात उतरून अमुक गाडी धरावयाची असेल तर कितव्या डब्यात बसावे, सरकता जिना कोणत्या डब्यासमोर येतो, लिफ्ट कोणत्या. हा तक्ता कोणा अभियंत्याने काढलेला नाही. यासुयो फुकुई नावाची एक गृहिणी तान्ह्या मुलाला बाबागाडीत घालून हिंडत असता प्रत्येक स्थानकात जिना शोधताना थकून गेली, आणि १९९० च्या दशकात तिने एकेक भुयारी स्थानक स्वतः फिरून ही माहिती गोळा केली. पुढे ती रेल्वेने स्वीकारली. हजारो माणसांच्या श्रमाने जे बांधले गेले होते त्याचे उणेपण एका आईला बाबागाडी ढकलताना दिसले, आणि ते दिसल्यावर तिने तक्रारीवर न थांबता ते भरून काढले. तिच्याविषयी मनात जो आदर उत्पन्न होतो तो व्यक्त करण्यास शब्द अपुरे पडतात.

फरशीवरच्या पिवळ्या उठावदार पट्ट्यांचेही तसेच. अंध माणसाच्या पायांना आणि काठीला वाट कळावी म्हणून सेइइची मियाके याने त्या कल्पिल्या आणि १९६७ साली जपानातील ओकायामा शहरातील एका रस्त्यावर त्या प्रथम बसविल्या गेल्या. आज पुण्याच्या जिल्हा न्यायालय स्थानकात तुम्ही-आम्ही ज्या पिवळ्या पट्ट्यांवरून न पाहता चालत जातो त्यांची वंशावळ ही आहे.

पुण्याचा विचार पुन्हा करावयाचा तो याच दृष्टीने. महामेट्रोच्या दोन मार्गांमधला बदल उत्तम आहे हे वर सांगितलेच. पण आमच्या तालुक्यातून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी किंवा नोकरीच्या शोधात पुण्यास जाणारी मुले मेट्रोने पुण्यात येत नाहीत, ती येतात बसने. विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथील एस. टी. गाड्या पूर्वी शिवाजीनगरच्या आगारात येत. मेट्रोचे शिवाजीनगर भुयारी स्थानक त्याच आगाराच्या जागेत बांधावयाचे असल्यामुळे २०१९ च्या अखेरीस आगार वाकडेवाडीस हलविण्यात आले. आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी गडकोटांची आठवण देणारे ते देखणे स्थानक जेव्हा सुरू झाले तेव्हा माथ्यावरचे आगार जागेवर नव्हते. म्हणजे बस आणि मेट्रो एकाच छपराखाली येण्याचा जो अपूर्व योग होता, तो पहिल्या दिवशी तरी साधला नाही. वऱ्हाडातून रात्रभर बसून आलेला मुलगा, पाठीवर पिशवी आणि हातात गादीची वळकटी घेऊन, वाकडेवाडीस उतरतो आणि तेथून पुढे रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करतो. स्थानक बांधणारी संस्था एक, आगार चालविणारे महामंडळ दुसरे. दोघांनीही आपापल्या हद्दीत आपापले काम केले. मधला रस्ता त्या मुलाच्या वाट्यास आला.

आणि जिल्हा न्यायालयापाशी तिसराही एक मार्ग येऊन मिळावयाचा आहे. हिंजवडीहून शिवाजीनगरपर्यंतचा, सुमारे २३ किलोमीटर लांबीचा हा उन्नत मार्ग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अधिकारातला असून तो बांधून चालविण्याचे काम टाटा व सीमेन्स यांच्या खाजगी कंपनीकडे आहे. शिंबाशीची कहाणी पुण्यातील अधिकाऱ्यांनी या निमित्ताने अवश्य वाचावी. फलाट जोडणारा पूल बांधणे सोपे आहे. एकच तिकीट, एकच पाटी आणि एकच चौकशीची खिडकी यांविषयी दोन दप्तरांचे एकमत होणे अवघड, आणि उतारूला त्याचीच गरज अधिक असते.

मुंबईत तर हद्दींचा प्रश्न शतकभर जुना. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वे शेजारी-शेजारी. दोहोंचे फलाट आपापल्या परीने एकपासून मोजलेले असत, त्यामुळे ‘एक नंबर’ म्हणजे कोणता हे नवख्यास कळणे अशक्य होते. टाटा रुग्णालयात उपचारासाठी विदर्भातून येणारी कितीतरी कुटुंबे दादरलाच उतरतात, आणि आजारी माणसाला धरून, गर्दीच्या पुलावर, चुकीच्या एक नंबराकडे निघालेली अशी माणसे पाहिली की जीव कळवळत असे. ९ डिसेंबर २०२३ रोजी तेथील फलाटांना सलग क्रमांक देण्यात आले, पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. रंगाचे डबे आणि काही पाट्या, इतकाच काय तो खर्च. एवढे होण्यास इतका काळ का लागावा याचे उत्तर मला हद्दीखेरीज दुसरे सापडत नाही.

जेथे १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे पहिली गाडी निघाली त्या बोरीबंदरच्या परिसरात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या शेजारी, आता भुयारी मेट्रोचेही स्थानक झाले आहे. कफ परेड ते आरे हा ३३.५ किलोमीटरांचा मार्ग, सत्तावीस स्थानकांपैकी आरे वगळता सर्व भूगर्भात; जपानच्या जायका संस्थेच्या कर्जसाहाय्याने तो बांधला गेला, आणि त्याचा दक्षिणेकडील शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. नांदुऱ्याला बसलेला माणूस आता टर्मिनसवर उतरून, रस्त्यावरच्या टॅक्सीला हात न करता, जमिनीखालून विमानतळापर्यंत जाऊ शकतो. मरोळ नाक्याला हा मार्ग घाटकोपर-वर्सोव्याच्या जुन्या मेट्रोला भेटतो, आणि ती मेट्रो २०१४ पासून दुसऱ्या कंपनीकडे आहे. तेव्हा तेथेही जोडपूल आहे आणि हद्दही आहे.

हे सारे लिहीत असता माझ्या मनापुढे एक नकाशा आहे. अकोला-खांडवा या जुन्या मीटरमापी मार्गाचे रुंदीकरण करताना तो मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जाऊ नये, रानातल्या जिवांना त्रास होऊ नये, म्हणून जो वळसा सुचविण्यात आला तो अकोटवरून अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद, कुवरदेव, खकनार असा तुकईथडला जातो. वन्य प्राण्यांचे हित आणि आमच्या तालुक्याचे हित एकाच रेषेवर यावे असा प्रसंग क्वचितच येतो, आणि म्हणून या आखणीचा मी मनापासून पुरस्कार करतो. परंतु ती होईल तेव्हा रेल्वेचे एक खाते, महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही दोन राज्ये, दोन्हीकडची वनखाती, एस. टी. महामंडळ, आणि जमिनीचे मोजमाप करणारी तहसील कचेरी, इतक्यांच्या हद्दी या एका मार्गावर एकत्र येतील. आज जामोदच्या शिवारात कापूस आणि तूर उभी आहे. स्थानकाची जागा अजून कोणी खुंट्या ठोकून आखलेली नाही, आणि म्हणूनच बोलण्याची वेळ हीच आहे. जळगावहून, आसलगावहून, संग्रामपूरहून येणाऱ्या बसगाड्या फलाटाच्या दारापर्यंत याव्यात एवढी जागा, रात्री उतरणाऱ्यांसाठी निवारा, आणि दोन्ही वेळापत्रके एकाच भिंतीवर, या तीन गोष्टी भूसंपादनाच्या पहिल्या प्रस्तावातच लिहिल्या जाव्यात. तालुक्यातील ग्रामपंचायतींनी तसे ठराव आजच करून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत दाखल करावेत.